मावशी बनशील

अक्षर वेडंवाकडं आहे. शुद्धलेखनाच्या चुका असतील. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या. माझी शाळा चौथीपर्यंतच. फिनेलच्या पाण्याने बोटं चिरली आहेत, पेन नीट धरता येत नाही. सायलीची विज्ञानाची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती. त्यात लिहिते.

त्या दिवशी कराटेच्या हॉलमध्ये बावीस पोरं होती. पांढरे ड्रेस, सगळी ओळीत. मी दाराजवळ चपलांच्या रॅकपाशी बादली घेऊन उभी. ओळीच्या पुढे सायली. माझी मुलगी, तेव्हा सहावीत. तिने विहानच्या पोटात लाथ मारली होती. सरांनी सांगितलेलं नसताना. तो खाली बसून रडत होता.

सर तिच्यासमोर आले. पोरांना वाटलं, आता फडकं मागवणार आणि तिला मॅट पुसायला लावणार. क्लासमध्ये शिक्षा तीच होती. एक पोरगा मागून ओरडलाही, "सर, फडकं!"

सर म्हणाले, "हिला फडकं देऊन काय उपयोग? हिच्या घरचंच काम आहे ते."

पोरं हसली. एकाने विचारलं, "म्हणजे?"

सरांनी माझ्याकडे मान वळवली. "मावशींचीच मुलगी ना ती."

हसणं थांबलं. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. एक सायलीचं सोडून.

मी खाली वाकले. फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. परत बुडवलं, परत पिळलं. पुसायला काही नव्हतं.

सायलीला शिक्षा मिळाली ती वेगळी. पुढचे तीन क्लास तिने चपलांच्या रॅकजवळ बसायचं. माझ्या बाजूला.

आधीचं सांगते.

मुलुंडला एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये हा क्लास भरायचा. मी भांडुपच्या टेकडीवरून यायची. क्लासच्या आधी मॅट पुसायची, क्लास संपला की परत पुसायची. पोरांचा घाम असतो, कधी नाकातून रक्त येतं. मधल्या वेळात रॅकजवळ बसायची. पगार सर द्यायचे. सायली शाळेतून माझ्याकडे यायची आणि दारात उभी राहून पोरांसारखे हात-पाय करायची. सरांनी पाहिलं. म्हणाले, "पाठवा हिला आत. फी नको." ड्रेसही त्यांनीच दिला, कुणाचा तरी जुना. मला सर देवमाणूस वाटले. त्या दिवशी तरी होते.

त्याच संध्याकाळी मी सायलीला सांगितलं, "इथे मला आई म्हणू नकोस. सगळे मावशी म्हणतात, तूही तेच म्हण."

"का?"

"सांगते ना."

पोरं तिच्याशी बोलणार नाहीत, तिला जोडीला घेणार नाहीत असं मला वाटलं. ती कधी चुकली नाही. दीड वर्ष मला मावशी म्हणाली. पाणी मागतानाही, "मावशी, बाटली दे." हे सरांनी शिकवलं नव्हतं. मी शिकवलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

पोरं वांड होती. सर मोजत असले की मध्येच भुंकायची. एकमेकांचे पट्टे सोडायची, कुणी वाकला की मागून ढकलायची. आधी उठाबशांची शिक्षा होती. मग एकाचे पाय दुखले, त्याच्या आईने ग्रुपवर लिहिलं. उठाबशा बंद झाल्या. दुसऱ्याला बाहेर उभं केलं तर त्याचे वडील आले. "फी काय बाहेर उभं राहायला भरतो?" तेही बंद. सर ओरडून ओरडून बसक्या आवाजाचे झाले. पोरं आणखी चेकाळली.

एकदा विहानने मॅटवर ज्यूस सांडला. मुद्दामच. सर म्हणाले, "मावशी, फडकं द्या त्याच्या हातात. आज तुमचं काम हा करेल."

मी दिलं. विहानने ते दोन बोटांत धरलं. मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तसं. गुडघ्यावर बसला, पुसलं आणि रडायला लागला. अख्खा हॉल चिडीचूप.

उठाबशांनी झालं नव्हतं ते माझ्या फडक्याने झालं.

क्लास सुटल्यावर विहानची आई आली. मला वाटलं भांडेल. सर जरा घाबरलेलेच होते. पण ती हसली. "बरं केलंत सर. मी पण घरी हेच सांगते, अभ्यास नाही केलास तर पुढे हेच करावं लागेल." मग माझ्याकडे वळली. मी बाजूला रॅक पुसत होते. "हो ना मावशी?"

मी म्हणाले, "हो."

तेव्हापासून फडकं ठरलं. कुणी दंगा केला की सर नुसता हात पुढे करायचे, मी फडकं द्यायची. पोरांमध्ये एक बोलणं निघालं. कुणाचा पंच चुकला, कुणी पडला की दुसरा म्हणायचा, "ए, मावशी बनशील हां!" आणि सगळी खिदळायची. छोटी छोटी पोरं. गोड दिसायची. मला "हाय मावशी" पण म्हणायची, मनापासून.

सायलीने मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता. एकदा घरी मला म्हणाली, "आई, तिकडे ना, जिथून कराटे आलं तिकडे, क्लासच्या आधी सगळे मिळून जमीन पुसतात. त्यांचे मोठे सर पण पुसतात. मग आपले सर का नाही पुसत?"

मी म्हणाले, "जेव गप."

गावच्या शाळेत वर्ग सारवायला गुरुजी मलाच पाठवायचे. शिक्षा म्हणून नाही. "हिचा हात चांगला आहे," म्हणायचे. गणिताच्या तासाला पाठवायचे. मी बाहेर शेण कालवायची आणि आतून पाढे ऐकू यायचे. मला तेव्हा बरं वाटायचं, गुरुजींनी हात चांगला म्हटलं म्हणून. इतक्या वर्षांत त्याचं मला काही वाटलं नव्हतं. त्या तीन क्लासमध्ये, सायली बाजूला बसलेली असताना, ते पाढे परत ऐकू येत होते.

लाथ मारली त्या दिवशी घरी जाताना मी तिला विचारलं होतं, का मारलीस. ती म्हणाली, "विहान बोलला, बेल्टच्या परीक्षेत नापास झालीस तर मावशी बनशील."

बस आली, चढलो. उतरताना तिने विचारलं, "तू फडकं का पिळत बसलीस गं?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही. भात लावला. भांडी घासली. नवऱ्याला सांगितलं. तो साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये कामाला आहे, दमून येतो. म्हणाला, "गप ऱ्हव गो. चेडू फुकट शिकता मा?" पोरगी फुकट शिकत होती, तेही खरंच होतं. परीक्षा महिन्यावर आली होती. सायली पहाटे उठून चाळीच्या पॅसेजमध्ये सराव करायची. मी तोंड उघडलं असतं तर तिचा क्लास गेला असता. मी गप राहिले.

रॅकजवळचे तीन दिवस संपले. चौथ्या क्लासला सायली परत ओळीत उभी राहिली. कुणी तिला जोडीला घेतलं नाही. मी ज्याला घाबरले होते तेच झालं, मला आई न म्हणताही.

त्याच दिवशी विहान आणि आणखी एक पोरगा लाथा मारायची गादी घेऊन पळत होते. पहिलीतली एक मुलगी मध्ये आली. तोंडावर पडली, ओठ फुटला. सरांनी तिला उचलून खुर्चीवर बसवलं, बर्फ लावला. मग विहानचा दंड धरला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"मावशी, फडकं."

फडकं हातातच होतं. सवयीने हात अर्धा पुढे गेलाही. तिथे थांबला. मी थांबवला की तो थांबला, खरंच सांगता येत नाही.

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"देणार नाही."

"मोठ्याने बोला मावशी, ऐकू येत नाही."

माझा आवाज मुळात लहान आहे. चार माणसांत मी बोलत नाही. म्हणाले, "हे माझं काम आहे. ही शिक्षा नाही."

सर जवळ आले. खालच्या आवाजात बोलले, पण हॉल गप्प होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरांसमोर नाटक नको. तुमच्या मुलीला मी फुकट शिकवतो. विसरलात का?"

"नाही विसरले. किती झाले ते लिहून द्या."

मॅटवर त्या छोटीच्या रक्ताचे थेंब पडले होते. मी गुडघ्यावर बसले आणि ते पुसले. ते काम होतं म्हणून. बादली मोरीत ओतली, फडकं धुऊन खिळ्याला अडकवलं. सायलीकडे पाहून म्हणाले, "चल."

ती मॅटच्या कडेला आली, नियमाप्रमाणे वाकून नमस्कार केला. मग त्या सगळ्यांसमोर बोलली, "थांब आई, चप्पल घालते."

दुसऱ्या दिवशी सरांनी आकडा मोबाईलवर पाठवला. अठरा महिन्यांची फी आणि परीक्षेचे वेगळे. मी देणार नाही असंच त्यांना वाटलं असणार. नवरा म्हणाला, "खुळी काय गो तू?" मी सकाळी एका दातांच्या दवाखान्यात साफसफाई धरली आणि संध्याकाळी एका खानावळीत चपात्या लाटायला जाऊ लागले. दर महिन्याला जमेल तेवढे नेऊन द्यायची. दुसऱ्या वेळी सर म्हणाले, "अहो, राहू द्या. मी रागात बोललो." मी म्हणाले, "पावती द्या."

सायलीची परीक्षा बुडाली. पट्टा पिवळाच राहिला. अकरा महिने ती कुठल्या क्लासला गेली नाही. पॅसेजमध्ये एकटी करते. कधी कधी माझ्याशी बोलत नाही. मी विचारत नाही.

काल शेवटचे पैसे द्यायला गेले. दारात नवीन बाई होती, माझ्यापेक्षा लहान. आत एक पोरगा गुडघ्यावर बसून पुसत होता आणि बाकीची खिदळत होती. ती बाई खाली बघत उभी होती.

मी तिला म्हणाले, "उद्या मागितलं तर देऊ नको."

ती म्हणाली, "मला दोन लेकरं आहेत ताई."

मला एकच आहे.

पुढच्या महिन्यात सायलीला भांडुपलाच दुसऱ्या क्लासमध्ये घालणार आहे. पहिल्या दिवशी पूर्ण फी भरून. फॉर्मवर आईचा व्यवसाय विचारतील. मी माझ्या हाताने लिहिणार, साफसफाई. अक्षर असंच येईल. आणि तिथे कुणी माझं काम पोरांना भीती म्हणून दाखवलं तर मी अठरा महिने थांबणार नाही. त्याच दिवशी बोलेन, मोठ्याने.

काल सर पैसे न मोजता ड्रॉवरमध्ये टाकत होते. मी म्हणाले, "मोजा."

त्यांनी मोजले. पावतीवर सायलीचं नाव घातलं. पालकाच्या जागी मी माझं नाव घालायला लावलं, पूर्ण. सही घेतली. पैसे फिटले.