मुद्देमाल पुसायचा नाही

खांदेश्वरच्या लग्नाच्या हॉलमधली ती चोरी अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नवरीच्या खोलीतून तिच्या दागिन्यांची पर्स गायब झाली. फिर्यादी नवरीचे वडील. त्यांनी भर हॉलमध्ये ती खोली झाडणाऱ्या बाईवर बोट ठेवलं. बाई मूळची साताऱ्याकडची. ठाण्यात आणली तर एकच धोशा, "सायेब, झडती घ्या, पन चोर म्हणून घरी पाठवू नका. उद्या कोण कामाला ठेवंल मला?"

वॉचमनने बातमी दिली, की व्हिडिओवाला त्याच खोलीत शूटिंग करत होता. पंचांसमक्ष त्याचा शूटिंगचा पेन ड्राईव्ह जप्त केला. ठाण्यातल्या कॉम्प्युटरला लावला, तर पडद्यावर प्रश्न आला, फॉरमॅट करायचं का?

"जमादार, रिकामा दिसतोय. हो म्हणून टाकू?" हवालदाराने विचारलं.

"म्हणजे काय होणार?"

"आतलं सगळं पुसून कोरा होणार."

"हात काढ! मुद्देमाल आहे तो. रक्ताचा चाकू धुऊन ठेवतोस काय?"

मी सातवी पास. कॉम्प्युटरचं मला कळत नाही, त्याची लाजही नाही. पण जप्त वस्तू मिळाली तशी ठेवायची, हे नोकरीभर पाळलं.

व्हिडिओवाल्याला समोर बसवला. "रिकामा ड्राईव्ह देऊन टोपी घालतोस?"

"नाही हो काका. माझा कॉम्प्युटर मॅक, ड्राईव्ह त्याच्याच पद्धतीचा. तुमच्या विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून फॉरमॅट मागतो."

"काका घरी. इथं साहेब म्हण, आणि उघडून दाखव."

पंचांना घेऊन त्याच्या दुकानात गेलो. त्याच्या मॅकवर ड्राईव्ह लगेच उघडला. पर्स शेरवानीत घालताना दिसले ते फिर्यादीचे थोरले जावई! विचारपूस करताच कबूल झाले. पर्स त्यांच्या गाडीत, स्टेपनीखाली सापडली.

कोर्टातही विंडोजच. म्हणून व्हिडिओवाल्याकडून नवा ड्राईव्ह आधी एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून घेतला आणि मग त्यात नक्कल भरली. तो प्रकार मॅक आणि विंडोज दोन्हीकडे उघडतो. ती नक्कल ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर उघडली तेव्हाच मी मूळ ड्राईव्हला लाखेचं सील मारलं.

फिर्यादी मान खाली घालून म्हणाले, "बाईंची माफी मागतो. इथंच मागतो."

"आरोप कुठं केला होता?"

"हॉलवर."

"मग चला हॉलवर."

गेले. सगळ्या नोकरांसमोर हात जोडले. बाई केरसुणी उचलून कामाला लागली.

आपल्याला उघडत नाही म्हणून आत काही नाही, असं धरायचं नाही. ड्राईव्हचं असो की माणसाचं. एवढंच मी त्या केसमधून घेतलं. मी रिटायर झालो तेव्हा बाई त्याच हॉलवर कामाला होती.