मंडळी या वेळी घरीच

भिरभिरे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. साप्ताहिकात प्रवासाचे गमतीदार लेख लिहायचे म्हणून गल्लीने ते नाव ठेवलं, आणि त्यांनीही मुकाट अंगाला लावून घेतलं.

प्रवासलेखक म्हटला की पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढणारा धिप्पाड गडी डोळ्यांपुढे येतो. आमच्या भिरभिऱ्यांना बसच्या दुसऱ्याच वळणावर मळमळायचं. एकदा एका लॉजच्या न्हाणीघरात कडी अडकून ते अर्धा दिवस कोंडून पडले, आणि मालक बाहेरून विचारत होता, ‘साहेब, अजून गरम पाणी हवंय का?’ एकदा होडीत त्यांचा डोळा लागला. पलीकडच्या काठावर उतरायचं सोडून स्वारी होडीबरोबर परत अलीकडेच आली, आणि समोर तेच तिकीटघर पाहून ‘दोन्ही काठ अगदी सारखे आहेत’ असं टिपून मोकळी झाली.

असा हा माणूस. तरी लेख आला की लोक पोट धरधरून हसायचे. त्याचं श्रेय मात्र भिरभिऱ्यांचं नव्हतं, ‘मंडळीं’चं होतं. लेखात ते बायकोला मंडळी म्हणत. भिरभिऱ्यांनी घोळ घालायचा आणि मंडळींनी तो निस्तरायचा, हा ठरलेला प्रकार. खेचरवाला म्हणतो, खेचर त्याच्या मर्जीने चालतं, माझं ऐकत नाही. मंडळी म्हणतात, ‘मग भाडं त्यालाच देते.’ न्हाणीघराबाहेरच्या मालकाला मंडळी सुनावतात, ‘पाणी राहू दे हो, आधी नवरा बाहेर काढा.’ वाचक मंडळींवर लट्टू होते.

आणि या मंडळी कधी कुठे गेल्याच नव्हत्या. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून सासूबाई पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, त्यांची बोलणी खायची, हे सगळं तिच्याकडे. आईचं कुणीतरी बघायला हवं, असं भिरभिरे म्हणायचे. त्या कुणीतरीमध्ये ते स्वतः कधी नसायचे.

लेख तयार व्हायचा तो स्वयंपाकघरात. गावाहून आले की पिशवी दाराशी टाकून ते सरळ आत स्टुलावर जाऊन बसायचे. ती ओट्याशी मटार सोलत असायची. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगायचं. ती जिथे हसेल ते लेखात जायचं, जिथे नुसतंच ‘हं’ म्हणेल ते गळायचं. आणि मध्येच तिच्या हातातली शेंग तशीच राहायची.

‘मी असते ना, तर त्या खेचरवाल्याला म्हटलं असतं...’

ती जे म्हणेल ते भिरभिरे जसंच्या तसं लिहायचे. फक्त ‘मी असते तर’ एवढं सोडून द्यायचे.

एकदा वाचनालयाने दोघांचा सत्कार केला. सभागृह भरलेलं. एका बाईने उठून तिलाच विचारलं, ‘खेचरावर बसताना भीती नाही वाटली?’

‘खेचराला विचारा,’ ती म्हणाली. ‘त्याला वाटली असेल.’

टाळ्या थांबेनात. भिरभिऱ्यांच्या कपाळावरचा घाम वाळला. घरी येताना ती कोपऱ्यावरच्या दिव्याखाली थांबून म्हणाली, ‘अहो, खेचर केवढं असतं हो? घोड्याएवढं?’

भिरभिऱ्यांनी छातीशी हात धरून दाखवला. ‘एवढं. पुढच्या वेळी नक्की नेतो तुला.’

हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की घराबाहेर पडताना चपलेत पाय जावा तसं ते आपोआप यायचं. बिचारीने प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणायचं.

एकदा मात्र योग खरंच जुळून आला होता. भिरभिऱ्यांची मोठी बहीण राहायला आली आणि भावजयीला म्हणाली, ‘आईचं मी बघते. तू जा गं त्याच्याबरोबर.’ डोंगरातल्या एका तळ्यावर जायचं होतं. तिने कापडी बूट आणले, बॅग भरली, साडीवर बूट कसे दिसतात म्हणून आरशासमोर उभी राहून स्वतःलाच हसली. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी भिरभिरे म्हणाले, ‘अगं, तिथे एकाचीच सोय आहे म्हणतात. पुढच्या वेळी नक्की.’

धादांत खोटं. खोली चांगली ऐसपैस होती. पण त्यांना धास्ती पडली होती. हिने सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, तर घरी येऊन सांगायचं कुणाला? न सांगता लिहायचं कसं? लेख बंद पडला तर आपण कोण? एवढ्यासाठी एका बाईची बॅग रिकामी झाली. तिने साड्या कपाटात ठेवल्या, बूट फळीवर ठेवले. भिरभिरे परतले तेव्हा ती मटार घेऊन बसलीच होती. ‘मग? काय काय झालं?’ म्हणाली आणि ऐकताना हसलीही. ती हसली म्हणजे भागलं, असं भिरभिरे धरून चालले. असे नवरे पायलीला पन्नास.

सासूबाई गेल्या तेव्हा दोघांचेही केस पांढरे झाले होते. ती मोकळी झाली खरी, पण जिन्याच्या मधल्याच पायरीवर बसायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि भिरभिऱ्यांना बाजूला घेतलं. ‘हृदय थकलंय. प्रवासाचं नावच काढू नका.’ ज्या पलंगावर सासूबाई होत्या त्याच पलंगावर आता ती आली. पायांना सारखी थंडी वाजायची म्हणून फळीवरचे कापडी बूट मागून घेतले आणि पांघरुणात घालून बसली. बुटांचे तळवे अजून कोरे करकरीत होते.

भिरभिऱ्यांनी बाहेर जाणं सोडलं. कुशीवर वळवायला शिकले, भरवायला शिकले. उशिरा का होईना, शिकले. संपादकाचा फोन यायचा, ‘लेख कुठंय? लोक मंडळींना विचारतायत.’

‘लिहा की,’ ती पलंगावरून म्हणाली.

‘कुठे जाऊन लिहू?’

‘ते तळं. तिथलं सगळं कुठे सांगितलंत? नुसते हसण्याचेच तुकडे सांगितलेत.’

मग भिरभिरे स्टूल ओढून पलंगाशी बसले आणि न हसण्याचं सांगायला लागले. सकाळी तळ्यावर धुकं असतं, पाणी दिसतच नाही, फक्त वल्ह्याचा आवाज येतो. काठावर एक लाकडी बाक आहे. त्या बाकावर ते एकटे बसले होते आणि शेजारी त्यांनी पिशवी ठेवली होती.

‘जागा होती गं,’ ते म्हणाले. ‘खोली दोघांची होती.’

‘माहीत होतं मला. वन्संनीच सांगितलं होतं, तिथून खोलीचं पत्र आलं होतं ते त्यांनी वाचलं होतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘बोलले असते तर नेलं असतंत. मनात नसताना. तसं कशाला यायचं?’ ती दम खात थांबली. ‘राग आला होता. खूप. पण तुम्ही आलात आणि सांगायला बसलात, की जायचा तो.’

भिरभिरे लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसत म्हणाले, ‘आता लिहितो. तुला होडीत बसवतो. वल्हं तुझ्याच हातात देतो.’

‘नको हो. या वेळी मला घरीच ठेवा.’

‘असं काय म्हणतेस?’

‘दमले. फार फिरवलंत.’ ती किंचित हसली. ‘आणि तुम्हाला एकट्याने लिहायची सवय नको का व्हायला?’

त्या दुपारी पलंगाशी बसूनच त्यांनी लेख लिहिला. सुरुवात केली ती अशी: ‘मंडळी या वेळी घरीच आहेत.’ इतकी वर्षं तिच्याविषयी जे जे छापलं, त्यात खरं वाक्य हे पहिलंच. त्यांनी ते तिला वाचून दाखवलं. ती ‘हं’ म्हणाली. एरवी ते गळालं असतं, पण त्यांनी ठेवलं.

लेख छापून यायच्या आत ती गेली.

अंक आला त्या दिवशी घरात माणसं होती. बहीण आत भांडी आवरत होती. पलंगावरची गादी गुंडाळलेली, आणि बूट कुठे ठेवावेत ते कुणालाच न सुचल्यामुळे पलंगाखाली तसेच. फोन वाजला. कुणी म्हातारी वाचक होती, आवाज मोठा प्रेमळ.

‘लेख वाचला हो. पण या वेळी हसू नाही आलं. असं कसं एकटेच गेलात? मंडळी बिचाऱ्या घरी वाट बघत बसल्या असतील. नेऊ नये का त्यांना?’

भिरभिऱ्यांनी बुटांकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं, पण ती म्हातारी उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या लेखी मंडळी अजून जिवंत होत्या.

‘पुढच्या वेळी न्या हं त्यांना,’ ती म्हणाली.

‘हो,’ भिरभिरे म्हणाले. ‘पुढच्या वेळी नक्की.’