घरातलं माणूस

माय भाजली तेव्हा बाईसाहेबांनी आधी गालिचा उचलला. मग ओरडल्या, "बाहेर बस, बाहेर!"

मलकपेठेतला बंगला, माय तिथं घरकामाला. माय मागच्या पायरीवर बसली. आंघोळीच्या पाण्याचा हंडा नेताना गालिच्यात पाय अडकून उकळतं पाणी छातीपासून मांडीपर्यंत सांडलं होतं. ती रडत नव्हती. नुसती थरथरत होती.

मी बटणाच्या कारखान्यात कामाला. त्या दिवशी मला आठवड्याची सुट्टी, म्हणून तिच्या मदतीला गेलेली. तिला सुट्टी नव्हतीच. बारा वर्षांत एकही नाही.

मीच तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशी वारली. शेवटी भ्रमात एकच विचारायची, "गालिचा वाळला का गं?" अजून ऐकू येतं. भर दुपारी, यंत्रांच्या आवाजातसुद्धा.

बंगल्यातले साहेब मजूर खात्यात मोठे अंमलदार. आमच्या कारखान्यात एका बाईचं बोट गेलं, तेव्हा मालकाला भरपाई द्यायला यांनीच लावलं होतं. म्हणून त्यांच्या दफ्तरात गेले. म्हटलं, "साहेब, मायचंही कामावरच झालं. अर्ज लिहून घ्या."

"कायदा कामगारांसाठी आहे."

"मग माय कोण होती?"

"तिला आम्ही कामवाली समजलोच नाही. घरातलंच माणूस होतं ते."

घरातलं माणूस! त्या घरात मायला पाणी वरून ओतायचे. तिची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटली संडासाजवळच्या कोनाड्यात असायची.

मी म्हटलं, "घरातलं होतं, तर मातीला कोण आलं तुमच्यातलं?"

कारकून लिहायचे थांबले. साहेबांचं तोंड लाल झालं. "हे राज्य मोडतंय आता, भाषेप्रमाणे वाटण्या होतायत. तुमचा मराठवाडा मुंबईकडं चाललाय. तिकडं जाऊन भांडा." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, उद्यापासून मायच्या जागी तू ये. जेवणाची सोय होईल."

सतरा वर्षांची होते मी.

"नक्को साहेब," मी म्हटलं. "तुमच्या घरात आमच्यातलं कुणीच येणार नाही."

त्याच आठवड्यात वस्तीतल्या धुणंभांडी करणाऱ्या बाया गोळा केल्या. पाचजणी आल्या. दोघी भिऊन परत गेल्या. उरलेल्या तिघींना म्हटलं, राज्य इकडं जाऊ दे नाहीतर तिकडं. तिथल्या कायद्यात आपल्याला कामगार लिहावंच लागेल. नाही लिहिलं तर या शहरातल्या एकेका घरातलं काम बंद पाडीन.