गाळलेल्या जागेतला हुंकार

तिन्हीसांजेला माझी नात ईरा इंग्रजीचा सराव करत बसली होती. दिवे अजून लावले नव्हते. तिच्या कागदावरच्या गाळलेल्या जागा मला एकाएकी रिकाम्या खुर्च्यांसारख्या दिसल्या.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, तेव्हा वाक्य मोठ्यानं वाचताना गाळलेली जागा आली की सगळ्या वर्गानं 'हंऽ' असा सूर धरायचा. मग योग्य सर्वनाम, विशेषण, क्रियापदाचा काळ आपोआप सुचतो, असं मी छातीठोक सांगे. काय तो तोरा! घट्ट अंबाडा, हातात खडू आणि तिन्ही काळ जणू बाईंच्या पदराला गाठ मारून ठेवलेले. घरी मी पेपर मोठ्यानं वाचताना जरा थांबले की हे बाहेर ओसरीतल्या झोपाळ्यावरून मुद्दाम 'हंऽ' करत, मला चिडवायला. आता हे नाहीत. व्याकरणाला माणूस गेल्याचं चटकन कळतं. घराला कळायला फार वेळ लागतो.

"माय ग्रँडफादर... सिटिंग ऑन द स्विंग," ईरानं वाचलं. "आजी, इथे इज की वॉज?"

"सूर धरायचा, विसरलीस?" मी म्हटलं.

तिनं पुन्हा वाचलं. जागा आली. तिला वाटलं मी सूर धरेन, मला वाटलं ती धरेल. दोघी गप्पच राहिलो.

'हंऽ' बाहेरून आला. मागोमाग झोपाळ्याची कडी कुरकुरली.

"आजी," ईरा कुजबुजली, "इज लिहू?"

"लिही," मी म्हटलं. "आणि दिवा इतक्यात लावू नकोस."