बोटीवरची दुसरी पणजी

माझ्या पणजोबांना मी त्यांच्या पश्चात दुसरी बायको करून दिली. तान्ह्या मुलासकट.

हेतू वाईट नव्हता. हेतू अभिमानाचा होता, आणि आमच्या घरात सगळी नुकसानं अभिमानातूनच होतात.

जूचंद्रला आमच्या गावच्या घरी देव्हाऱ्याच्या शेजारी माझी बी.ए.ची पदवी काचेत लावलेली आहे. घराण्यातली पहिली! (तिला हार घालू नका, हार गेलेल्या माणसांच्या फोटोला घालतात, असं मी दर दिवाळीला सांगते. हार दर दिवाळीला असतोच.) मिठागरात आणि भातशेतीत पिढ्या राबलेल्या या घरात इंग्रजी अक्षर दिसलं की ते माझ्यापुढे येतं. औषधाची बाटली, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, बिल्डरची नोटीस, सगळं. लग्न होऊन मी बोळिंजला फ्लॅटमध्ये राहायला गेले, तरी फोनवर फोटो येतच राहिले. आणि "मला हे कळत नाही" असं मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. तिथंच पाणी मुरत होतं.

आता पणजोबा. त्यांचं नाव धाकल्या पाटील. ते आगबोटीतून विलायतेला जाऊन आले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक. कसे गेले, कशाला गेले, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. पुरावा म्हणून घरात एक पातळ चोपडी होती. कव्हरवर रंगीत आगबोट, दोन धुराडी, निळंशार पाणी. आत इंग्रजी छपाई. एरवी ती लाल फडक्यात, ट्रंकेत. दसऱ्याला बाहेर निघायची, कोयत्या-विळ्यांच्या रांगेत उघडी बसायची आणि हळदकुंकू लावून घेऊन परत ट्रंकेत जायची. पोरांनी हात लावायचा नाही, हा आत्याचा कायदा. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. घरातलं सुप्रीम कोर्ट.

यंदा दसऱ्याला कोर्टानं स्वतःहून चोपडी माझ्या हातात दिली.

"तू शिकलेली हायस. बघ बाय, काय लिवलंय माझ्या आजाचं."

मी चष्मा पुसला. अख्खं घर श्वास रोखून उभं. चोपडी नेहमीच्या पानावर आपोआप उघडली. त्या पानावर वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचा चांगला पापुद्रा बसलेला. पण वरच्या कडेला शीर्षक स्वच्छ दिसत होतं: पहिल्या वर्गाच्या प्रवाशांची यादी. कर्नल अमुक, लेडी तमुक, आणि पापुद्र्याच्या अगदी काठावर, मिस्टर डी. पाटील!

"डी म्हणजे धाकल्या!" मी ओरडले. "पणजोबा फर्स्ट क्लासनं गेले होते!"

आत्यानं डोळ्यांना पदर लावला. बाबा खुर्चीत जरा ताठ बसले. मिठागरातला माणूस लेडी तमुकच्या शेजारी बसून विलायतेला कसा गेला, हा प्रश्न तिथं एकालाही पडला नाही. पदवीधर बाईलाही नाही.

मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं. पंधरा मिनिटांत भाईंदरच्या चुलतकाकांना "आमच्यात पहिल्यापासून ऐटच होती" हे आठवलं. चुलतभाऊ निलेशनं तर कळसच केला. आमच्या गावाचं नाव रांगोळीसाठी आहे, आणि दिवाळीच्या प्रदर्शनात निलेशला यंदा पहिल्यांदाच जागा मिळाली होती.

"ताई, विषय फिक्स! पणजोबा. सूट-बूट, हॅट, हातात पांढरे ग्लोव्हज आणि चांदीच्या मुठीची काठी, मागे बोटीचा डेक, खाली लाल गालिचा. फुल्ल फर्स्ट क्लास!"

"चेहरा कुठून आणशील? फोटो नाही."

"काकांचा घेतो."

अशा रीतीने आयुष्यभर बनियनवर वावरलेल्या माझ्या वडिलांना रांगोळीत का होईना, सूट मिळाला. निलेश तीन दिवस उकिडवा बसून चिमटीनं रंग सोडत होता. उद्घाटन संध्याकाळी होतं, दिवा आत्या लावणार होती. तिच्या आजाचं चित्र, तिच्याच हातचा दिवा. नवी नऊवारी इस्त्री करून तयार.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी मी चोपडी घेऊन प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गेले. रांगोळीशेजारी काचेखाली ठेवायची होती. आत्या आणि बाबाही आले. निलेश म्हणाला, "ताई, नाव नीट दिसत नाही. थोडं साफ करू?" आणि त्यानं मऊ ब्रशनं, अगदी हलक्या हातानं, तो पापुद्रा झटकला.

मिस्टर डी. पाटीलच्या खालून एक ओळ वर आली. मी सवयीनं मोठ्यानं वाचली. (ही सवय मोडायला हवी.)

"मिसेस पाटील अँड इन्फंट."

"म्हंजे?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे... सोबत बायको आणि तान्हं मूल."



"माझी आजी," आत्या एकेक शब्द दाताखाली धरून म्हणाली, "खाडीच्या होडीत पाय ठेवताना देवाचं नाव घेयाची. ती बोटीत बसली नाय. मग ही मिसेस कोन?"

"आत्या, तसं नसेल..."

"तू वाचलंस ना? शिकलेली हायस ना? मग कोन ही?"

बाबांचं डोकं भलतीकडेच गेलं होतं. जमिनींचे भाव असे चढलेले, त्यात नवा वारस! ते हळूच म्हणाले, "ते पोर आता कुठं असंल गो? सातबाऱ्यावर नाव लावायला येईल काय?"

"तू गप!" आत्या कडाडली. "आजी हिकडं मिठात पाय जालीत होती, आनि हा तिकडं गोऱ्या मडमेला घेऊन गालिच्यावर! ह्याच्यापुढं मी दिवा लावनार नाय. आनि ही रांगोली आत्ताच्या आत्ता पुसा!"

निलेशनं माझ्याकडे पाहिलं. तीन दिवस वाकलेला तो पोरगा आता रडायच्या बेतात होता.

मी फोन काढला. जे दसऱ्यालाच करायचं ते दिवाळीला केलं: ही चोपडी नेमकी काय असते, ते शोधलं. अशा जुन्या याद्या जपून ठेवलेली, आपल्या पूर्वजांचा माग काढणाऱ्यांसाठी समजावून सांगितलेली एक अख्खी वेबसाइट निघाली. लिहिलं होतं की, आगबोटीच्या कंपन्या वरच्या वर्गाच्या प्रवाशांना आठवण म्हणून ही देखणी यादी छापून देत. ती बोट सुटण्याआधीच छापलेली असे, त्यामुळे नाव आहे म्हणून माणूस गेलाच असंही नाही. आणि खाली राबणाऱ्या खलाशांची नावं तिच्यात छापतच नसत. तेव्हा नुसत्या आडनावावरून उड्या मारू नयेत. (हे वाक्य त्यांनी माझ्यासाठीच लिहिलं असावं.)

म्हणजे हा डी. पाटील कोणी दत्तात्रय, दिनकर, कोणीही असेल! पण मग आमचे पणजोबा कुठे होते?

आत्या अजून रांगोळीवर तुटून पडली होती. "आनि हे हात कोनाचे काढलेस रे? पांढरे मोजे घातलेले! माझ्या आजाचे हात कोपरापत्तूर भाजलेले. काले डाग. मी लहान होते तवा त्यावर बोट फिरवायचे."

"आत्या, कशानं भाजले होते?"

"मना काय म्हाईत! आजी बोलायची, विलायतेला गेला तवाचे हायत."

मी मटकन खाली बसले. (रांगोळीच्या कडेवर. एक कोपरा गेला.)

"आत्या, पणजोबा डेकवर नव्हतेच. ते बोटीच्या पोटात होते. भट्टीत कोळसा टाकायला! म्हणून यादीत नाव नाही. ही चोपडी कोणी साहेब उतरताना टाकून गेला असेल. यांना वाचता येत नव्हतं, बोटीचं चित्र आवडलं, आणली घरी."

"आनि ती मिसेस?"

"त्या दुसऱ्याच पाटलाची."

"नक्की?"

"यादीपुरतं नक्की."

आत्या चित्राजवळ वाकली. मग रांगोळीतल्या हॅटकडे बोट दाखवून म्हणाली, "तवा ती टोपी काढ त्याच्या डोक्यावरची. आनि हात माझ्या आजाचे कर."

निलेशचे डोळे चमकले. "ताई, काळा रंग आण. सगळा!"

त्या दुपारी मी जे पाहिलं ते विसरणार नाही. काळ्या कोटावर काळा रंग चढत गेला आणि कोटाचं कोळशानं माखलेलं उघडं अंग झालं. लाल गालिच्यावर पिवळा-केशरी भुरभुरला आणि गालिचा पेटला. हॅट धुरात गेली. चांदीच्या मुठीच्या काठीचं फावडं झालं. पांढरे हात आधी तांबूस झाले, मग आत्या शेजारी बसून सांगत गेली, "हितं एक डाग. हितं मोठा. हितं लांबट," आणि निलेश एकेक डाग ठेवत गेला. आगीच्या उजेडात घामानं चमकणारा तो चेहरा आमच्या बाबांचा होता, पण बाबाही त्याच्याकडे हात जोडून बघत होते.

संध्याकाळी आत्यानं दिवा लावला. गर्दी त्या भट्टीपुढून हलेना. पोरं विचारत होती, आग खरी आहे का! माझी छाती अशी भरून आली होती की, फर्स्ट क्लासचा सगळा डेक तिच्यात मावला असता. समुद्राखालच्या त्या अंधारात हजारो मैल कोळसा ओढणारा माणूस आमचा होता. कर्नल आणि लेडीसकट ती अख्खी बोट त्यानं विलायतेला नेली होती!

तेवढ्यात वसईहून आलेल्या एका पाहुण्यांनी काचेखालची यादी निरखत विचारलं, "वा! हे सगळं संशोधन कोणी केलं?"

आत्यानं माझा दंड धरून मला पुढे ओढलं. तिचा आवाज हॉलच्या दारापर्यंत गेला.

"आमच्या पोरीनं! बी.ए. झालीय! आख्खी चोपडी इंग्रजीतून वाचून हिनंच शोधून काढलं, का आमच्या आजाचं नाव तिच्यात नाय!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान ताठ करून उभी राहिले. माझ्या शिक्षणाचं इतकं नेमकं वर्णन युनिव्हर्सिटीलाही जमलं नव्हतं.