बाहीत गेलेला गृहपाठ

आमच्या चाचीचा पाय शिलाई मशीनवर असायचा आणि डोळे मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकावर. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात बसस्टँडमागे तिचं दुकान. समोरच्या भिंतीवर बी.ए.ची पानं टाचण्यांनी लावलेली. सरळ शिवण आली की ती धडा वाचायची, ब्लाऊजचा गळा आला की नजर कापडावर. पन्नाशीत, नातवंडं झाल्यावर, ही बाई माझी वर्गमैत्रीण झाली!

वर्ग भरायचा रविवारी, वाशीमच्या अभ्यासकेंद्रात. बाकी आठवडा आपणच गुरू, आपणच चेला. बारावी होताच माझं लग्न झालेलं, अभ्यासाची सवय सुटलेली. पुस्तकांचा गठ्ठा मी सोडलासुद्धा नव्हता. एसटीत चाचीला कळलं तेव्हा ती भडकली, "काहून वं, सासूले ओवाळ्याले ठेवली का पुस्तकं?" त्या दिवसापासून रोज दुपारी दुकानात जाऊन उत्तर मोठ्यानं वाचायचं, असा हुकूम सुटला. "बस, वाच. हात कामात हायेत, कान रिकामे हायेत. मले आयकू दे."

तिसऱ्या वर्षी सासऱ्यांनी बजावलं, "यंदा पास झालीस तर ठीक, नाहीतर पुस्तकं गुंडाळ." गृहपाठ जमा केल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. शेवटच्या दिवशी दुपारी मी चाचीकडे ठेवलेला गृहपाठ न्यायला गेले, तर माझं इतिहासाचं उत्तर टेबलावर बाहीच्या आकारात पडलेलं! ब्लाऊजचं माप चाची आधी रद्दी कागदावर बेतायची. घाईत तिनं रद्दीऐवजी माझीच पानं ओढली होती.

मी नको ते बोलले. "तुले हौस हाय चाची, माहा जीव टांगला हाय!"

चाचीनं जमिनीवरचे तुकडे वेचले, ओळीला ओळ जुळवली, खाली कोरा कागद धरला आणि मशीन चालवलं. चारच्या एसटीनं आम्ही वाशीम गाठलं. सरांनी ती शिवलेली पानं उलटसुलट करून पाहिली.

"हे काय आणलंय?"

"गलती माही हाय सर, उत्तर तिचं हाय. टाके पाहू नका, वाचा."

सरांनी सगळं वाचलं आणि सही केली. परतताना चाची खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हौस नाई वं पोरी. मलेबी एकदा पुस्तकं गुंडाळ म्हनलं होतं. मी गुंडाळली. तीस वर्सं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी पास झाले, पुढे एम.ए.ही केलं. चाचीचा मात्र एक पेपर राहिला, आणि तो देण्याआधीच ती गेली. आता त्याच केंद्रात रविवारी मी शिकवते. परवा एक सासुरवाशीण आली. तिच्या गृहपाठावर लेकरानं रेघोट्या ओढलेल्या. नवीन लिहून आणते, पण घरचे पुन्हा येऊ देतील की नाही, म्हणत दारातच उभी राहिली.

मी खुर्ची पुढे सरकवली. "बस, वाच. मले आयकू दे."