लाकडी बैलाचा डावा कान

गेल्या तान्ह्या पोळ्याला मी भर मैदानात दुसऱ्याचा बैल पळवला, आणि तोही "माहा आहे, माहा आहे" असं ओरडत.

(नागपूरबाहेरच्या लोकांनी लगेच घाबरू नये. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो. लाकडी बैल, त्याला चाकं, पोरं सजवून रांगेत उभे करतात, समोर बांधलेलं तोरण तुटलं की पोळा फुटतो, बक्षिसं वाटतात. म्हणजे मी चोरलेला बैल फार तर दीड फूट उंच होता.)

पण सुरुवात त्या बैलापासून झाली नाही. सुरुवात झाली माझ्या तोंडापासून. आमचं मूळ गाव नरखेड तालुक्यात. घरी संत्र्याची बाग, आणि संत्र्यांपेक्षा मोठा अभिमान एकच: आमच्या खानदानात कोणाला चश्मा नाही! आमचे आबा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे राहून पाचव्या ओळीतल्या झाडाची फळं मोजतात. (ती खाली उतरून कोणी मोजली नाहीत, ही गोष्ट वेगळी.) अधूनमधून आबा नरखेडची समजून भलत्याच एसटीत बसतात आणि काटोलला उतरतात, पण तो दोष एसटीवाल्यांचा.

माझी लेक रेवा तेव्हा सात वर्षांची. एक दिवस बायको, वर्षा, म्हणाली, "अहो, पोरगी मान वाकडी करून टीव्ही पाहून राहिली. डोळे दाखवून आणा."

"काही नाही गं. स्टाइल आहे ते."

"काल दूध गिलासाबाहेर ओतलं. परवा दाराले धडकली."

"मोबाइल! सगळा त्या मोबाइलचा प्रताप आहे!" असं म्हणून मी मोबाइल कपाटात कोंडला. रेवा तरी दाराला धडकतच राहिली. मग मी तिचं नाव 'धांदरट' ठेवलं. एकदा दूध माझ्या ऑफिसच्या पँटवर सांडलं तेव्हा पाठीत धपाटाही घातला. 

वर्षा काही गप्प बसेना. तेवढ्यात शाळेतून डोळे तपासणीचा फॉर्म आला. म्हटलं, शाळेनं कशाला तपासायचं, बाप मेला आहे का? रेवाला स्कूटरवर समोर उभी केली आणि रविवारी थेट सीताबर्डी गाठली.

"वाच, ती लाल पाटी!"

"साडीचं दुकान."

"शाब्बास! ती निळी?"

"चपलांचं."

"आणि ती पिवळी?"

"सोन्याचं. तिथं आपण थांबत नाही, बाबा."

शंभर टक्के! मी छाती फुगवून घरी आलो. दर रविवारी ज्या रस्त्यानं आम्ही जातो, त्या रस्त्यावरचं कुठलं दुकान कुठं आहे हे त्या पोरीला डोळे मिटूनही सांगता आलं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. फॉर्मवर मी पेन दाबून शेरा मारला, खाली सही ठोकली आणि वर्षाला म्हटलं, "पाहा! उगाच पोरीले चश्मिस करायले निघाली होती."

मग आला तान्हा पोळा. आमचा बैल म्हणजे साधासुधा नाही. गावच्या सुतारानं आबांच्या लहानपणी घडवलेला, तीन पिढ्यांनी ओढलेला. माझ्याच हातून एकदा जिन्यावरून पडला आणि डावा कान तुटला, तेव्हापासून एककानी. रेवानं त्याला झूल घातली, शिंगांना बेगड लावलं आणि मैदानात नेऊन रांगेत उभा केला. तोरण तुटलं. एकच गलका झाला आणि सगळी पोरं आपापल्या बैलांवर धावली. रेवाही मान वाकडी करून धावली आणि एक दोरी धरून निघाली.

मागून शेजारच्या टेकाडेंची पिहू भोकाड पसरून आली. "माहा बैल नेला वं हिनं!"

झालं! माझ्यातला बाप जागा झाला. मी बैलाला मिठीच मारली. "टेकाडे भाऊ, पोरीले समजवा. हा आमचा खानदानी बैल आहे!"

"अहो, हा मागच्या आठवड्यात महालातल्या बाजारातून आणला मी."

"मले सांगता? या बैलासोबत मी लहानाचा मोठा झालो! हा बैल मी अंधारात ओळखीन!"

"उजेडात ओळखा ना, भाऊ."

"याचा डावा कान तुटलेला आहे!" मी गर्जना केली. सगळं मैदान जमा झालं होतं.

टेकाडे शांतपणे म्हणाले, "हात लावून पाहा."

मी हात लावला. कान होता. चांगला धडधाकट, रंगवलेला कान होता. आता माघार घ्यायची ना? पण नाही! मी म्हणालो, "कोणीतरी जोडला असेल!"

"अहो, डोळे आहेत का बटणं?" टेकाडेंचा तोल गेला. त्यांनी बोट दाखवलं. रांगेच्या टोकाला आमचा खानदानी बैल एका कानानिशी एकटाच उभा होता.

लोक हसून हसून वाकले. रेवा मात्र रडकुंडीला आली होती. "बाबा, धावता धावता मले दोन्ही सारखेच दिसले ना."

त्या दिवशी बक्षिसं वाटायला कॉलनीतल्याच डॉक्टर मॅडमना बोलावलं होतं. त्या डोळ्यांच्या डॉक्टर. (बाप्पा आमच्या घरावर मेहेरबान असला पाहिजे, माझ्यावर नव्हे.) त्या हातातले स्टीलचे डबे खाली ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, बैल राहू द्या बाजूला. ही मान नेहमीच अशी धरते का?"

"स्टाइल आहे," मी सवयीनं म्हणालो.

मॅडमनी रेवाच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. रेवानं समोरच्या बॅनरवरचं मंडळाचं नाव घडाघडा वाचलं. माझी छाती पुन्हा फुगायला लागली. मग मॅडमनी हात उजव्या डोळ्यावर नेला.

रेवानं मान वाकडी केली. मग घाबरून म्हणाली, "काकू, हात काढा ना. मले दिसून नाही राहिलं."

कोणी हसलं नाही. वर्षानं माझ्याकडे पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं की रेवाच्या डाव्या डोळ्याला जन्मापासून मोठा नंबर होता. उजवा चांगला, त्यामुळे मेंदूनं डाव्याचं काम घेणंच सोडून दिलं होतं. "एक डोळा चांगला असला की लेकरू तक्रार करत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याले वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं. वेळेवर आलात. आणखी काही वर्षं गेली असती तर अवघड होतं. आता चश्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी."

"चांगल्या डोळ्यावर? मॅडम, डोळा चुकला का तुमचा?"

"चुकलं ते तुमचं. दुबळ्याले कामाला लावायचं तर दांडग्याले बसवावं लागते. आता तुम्हीही बसा खुर्चीवर. शेवटची ओळ वाचा."

"ओळ? तिथं तर नुसती रेघ मारली आहे."

"भाऊ, तीच ओळ आहे."

जवळचा आणि दूरचा, दोन्ही नंबर निघाले. मी गावी फोन लावला. आबा गरजले, "आपल्या खानदानात कोणाले चश्मा नाही!"

"आबा, आपल्या खानदानात कोणी डोळेच तपासले नाहीत."

आबांचा आवाज उतरला. मग हळूच, "तरीच म्हटलं गा, हे एसटीवाले पाट्या काहून इतक्या बारीक लिहून राहिले!"

पट्टीचा पहिला आठवडा रडारडीचा गेला. रेवा पट्टी काढून फेकायची. शेवटी मीही एका डोळ्यावर पट्टी बांधून तिच्यासोबत बसलो. पहिल्याच संध्याकाळी चहा कपाबाहेर ओतला, आणि उठताना खांदा दाराच्या चौकटीला आपटला.

"बाबा," रेवा म्हणाली, "धांदरट!"

ती हसली. मीही हसलो, आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडलो. (वर्षाला सांगितलं, कांदा आहे. ती म्हणाली, कांदा तर मी अजून चिरलाच नाही.)

एप्रिलमध्ये निकाल आणायला शाळेत गेलो. बाईंनी निकालासोबत वर्षभराच्या कागदांची फाइल दिली. त्यात जुलैमधला तो फॉर्म होता. त्याच्या छापील मजकुराखाली पेन्सिलनं काहीतरी बारीक लिहिलेलं दिसत होतं. माझा चश्मा नेमका घरी राहिला होता. रेवाची पट्टीची वेळ होती, उजवा डोळा बंद होता. तिनं फॉर्म माझ्या हातातून घेतला, नाकाजवळ नेला आणि डाव्या डोळ्यानं, तोच डोळा ज्याला बॅनर दिसत नव्हता, एकेक अक्षर लावत वाचायला लागली.

"रे-वा मा-न वा-क-डी क-रून फ-ळा वा-च-ते. कृ-प-या डो-ळे त-पा-सून घ्या. व-र्ग-शि-क्षि-का."

मला इतका आनंद झाला की मी व्हरांड्यातच टाळ्या वाजवल्या. "वाचलं! अहो बाई, हिनं वाचलं!"

"थांबा ना बाबा, खाली अजून आहे," रेवा म्हणाली. "हे मोठ्या अक्षरात आहे. सोपं आहे."

आणि तिनं सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं वाचलं, "वरील मजकूर वाचला. मुलीची नजर उत्तम आहे, मी स्वतः तपासली आहे. आणि खाली तुमची सही आहे, बाबा."